कोरियन अक्षरांचा हिशेब

प्रिय मन्या,

तुझ्या कोरियन क्लायंटच्या लिस्टमध्ये नाव डोळ्यांना दिसतंय पण सर्चला सापडत नाही म्हणालास ना, तर लेका तिथे एकच अक्षर दोन पद्धतींनी साठवलेलं असणार. कंपेअर करायच्या आधी दोन्ही बाजू एनएफसी करून घे, म्हणजे तुकड्यांत साठवलेली अक्षरं जोडून एकसंध रूपात आण, बहुतेक सुटेल. पण यामागची भानगड भारी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोरियन अक्षर म्हणजे तुकड्यांची चौकट. सुरुवातीचं व्यंजन १९ पैकी एक, मग स्वर २१ पैकी एक, शेवटी हवं तर आणखी व्यंजन, त्याचे २७ प्रकार आणि काहीच नसेल तो अठ्ठाविसावा. गुणाकार कर, ११,१७२. युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर देणाऱ्या स्टँडर्डने, या सगळ्यांना ४४०३२ पासून ओळीने नंबर देऊन टाकलेत आणि ते पाठ करावे लागत नाहीत, हिशेबाने निघतात! हांगुल, म्हणजे कोरियन लिपीचं नाव, त्यातला 'हान' घे. ह व्यंजनांत शेवटचा, शून्यापासून मोजला तर १८, आ पहिला स्वर म्हणजे ०, शेवटचा न ४ (इथे ० म्हणजे शेवटी काहीच नाही). १८ गुणिले २१, ३७८, त्यात स्वराचा शून्य, गुणिले २८, झाले १०,५८४, त्यात ४ आणि ४४०३२ मिळव. ५४,६२०. उलट भागाकार केला की तुकडे परत हातात. आणि या तुकड्यांनाही स्वतंत्र नंबर आहेत, म्हणून 'हान' एका नंबरात लिही नाहीतर तीन, दिसायला सेम. तुझा घोळ तोच.

आधी हे इतकं सरळ नव्हतं बरं का. १९८७ च्या कोरियन स्टँडर्डमध्ये नेहमीची २,३५० अक्षरंच घेतली, बाकीची वाऱ्यावर. १९९० मध्ये एक टीव्ही मालिका आली तर तिच्या नावातलं पहिलंच अक्षर यादीत नाही! युनिकोडनेही आधी तीच २,३५० उचलली, मग ठिगळं लावून ६,६५६ केली, तरी पुरेनात आणि क्रमही विस्कटलेला. शेवटी १९९६ ला, २.० व्हर्जनमध्ये, सगळं बिऱ्हाडच नव्या जागी हलवलं. जुन्या नंबरांतला मजकूर ज्यांच्याकडे होता त्यांचे हाल, कारण त्या रिकाम्या जागेत पुढे चिनी अक्षरं राहायला आली. त्यानंतर नियमच झाला, एकदा दिलेला नंबर हलवायचा नाही.

आपल्या देवनागरीच्या मूळ ब्लॉकला १२८ जागा, 'क्ष' सुद्धा क, हलन्त, ष असा तीन नंबरांचा, जोडायचं काम फॉन्टचं. मला विचारशील तर आपल्यासाठी हेच बरं, जोडाक्षरांची यादी करायला बसलो असतो तर अजून भांडत असतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या