दफनभूमीसाठी आवाहन : मांजरपाट, खडी आणि रविवारचे दोन तास

धर्मग्रामातील सर्व कुटुंबांस,

वसईत दफनभूमीला नवी जागा आता मिळणार नाही. आहेत त्याच कबरी पुन्हा उघडाव्या लागतात आणि पुढेही लागतील. पण कबर उघडल्यावर आत माती सापडायला हवी. सापडतात ते नायलॉनचे मोजे आणि मोज्यांत तशीच राहिलेली पावलांची हाडं, पॉलिस्टरचा सूट, प्लायवूडच्या फळ्या. अशी कबर पुन्हा बुजवावी लागते आणि दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला ऐन दुःखात जागेसाठी ताटकळावं लागतं.

मातीत मिळण्यासाठी देहाला हवा लागते. व्हार्निश लावलेली पेटी पावसाचं पाणी धरून ठेवते. पाण्यात हवा पोचत नाही, मग चरबीचा मेणासारखा थर होतो आणि कुजणं थांबतं. पावसाळ्यात बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, काठोकाठ भरतात तेव्हा सहा फुटी खड्ड्याचा तळही पाण्यात असतो. मीठ टाकल्याने देह टिकतो आणि चुनाही सुरुवातीला कुजणं लांबवतो, म्हणून दोन्ही बंद करायचं ठरलं आहे. वरची ग्रॅनाइटची लादीसुद्धा हवा अडवते. यापुढे साधा लाकडी क्रूस असेल आणि नावं सामायिक भिंतीवर लागतील.

यापुढची पद्धत अशी. खड्डा साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चारच फूट खोल. तळाशी नऊ इंच सुका पाला आणि केळीची वाळलेली सोपटं. नारळाची सोडणं नकोत, काथ्या कुजायला वर्षं लागतात. देह मांजरपाटात, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडात गुंडाळलेला. मिरवणूक नेहमीसारखीच पेटीतून निघेल, पण पेटी सर्वांची एकच आणि तिचा तळ सरकता. देह सुती पट्ट्यांवरून खाली उतरेल, पेटी परत येईल. प्रभूलाही तागाच्या वस्त्रात गुंडाळूनच कबरेत ठेवलं होतं, त्यामुळे यात मृताचा मान कुठेही कमी होत नाही. घरच्यांनी मोजे, बूट, हातमोजे, प्लॅस्टिकची फुलं आणि रोजरी आधीच काढून घ्यावी. लग्नाची साडी नेसवायची असेल तर ती सुती किंवा खरी रेशमी आहे ना, हे पाहावं.

यासाठी मदत हवी आहे.

36 इंच पन्ह्याचा, धुवट, खळ काढलेला मांजरपाट 120 मीटर. एका कफनाला सहा मीटर लागतो : तीन-तीन मीटरचे दोन तुकडे मधोमध जोडायचे. शिवणाऱ्या बायकांना कळकळीची विनंती, दोरा सुतीच वापरा. बाजारातली रिळं बहुतेक पॉलिस्टरची असतात. कापड कुजतं आणि शिवण मागे उरते.

खडी सहा ब्रास. कबरींत साचणारं पाणी निघून जावं म्हणून उत्तरेच्या कुंपणालगत 200 फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर खणून तो खडीने भरायचा आहे. त्याचं पाणी बावखलात जाता कामा नये, ते कर्दळ आणि वाळ्याच्या वाफ्यात सोडू. चिकण माती मोकळी करायला धुतलेली क्रश सँड तीन ब्रास लागेल. समुद्राची वाळू खारी असते, ती कुणी आणू नये.

सुका पाला प्रत्येक कबरीला सहा पोती. वाडीतला पाला जाळू नका, तागाच्या पोत्यात भरून द्या. सामायिक पेटीसाठी जुन्या सागाच्या फळ्या कुणाकडे असतील तर त्याही चालतील.

ज्यांना दहन हवं आहे त्यांनाही चर्चची मुभा आहे. रक्षा मात्र घरी न ठेवता, न विखुरता पवित्र जागी ठेवायची असते. त्यासाठी भिंतीत कोनाडे बांधायचे आहेत. रोख देणगी देणाऱ्यांनी "चर" की "कोनाडे" हे पावतीवर लिहून घ्यावं.

साहित्य चर्चच्या कचेरीत द्यावं. चर खणायला दर रविवारी सकाळच्या मिस्सानंतर दोन तास माणसं लागतील. फावडी आणि घमेली आमच्याकडे आहेत, पहार असेल तर घेऊन या. मृग लागायच्या आत चर खडीने भरून झालाच पाहिजे, कारण उघडा राहिला तर पहिल्याच पावसात त्याच्या कडा ढासळून लगतच्या कबरी खचतील.

दफनभूमी समिती