चिलटांची साक्ष कुठपर्यंत धरायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या एरिथ्रिटॉलने माशा पटापट मरतात, मग माणसाचं काय होणार, असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. माझ्या ओळखीतल्या दोन मधुमेही गृहस्थांनी त्या धास्तीने चहात पुन्हा साखर घालायला सुरुवात केली, म्हणून हे पत्र.

प्रयोग खरा आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या सहावीच्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी निरनिराळी गोडी घातलेल्या खाद्यावर चिलटं ठेवली. (पिकल्या केळ्यांभोवती घोंघावतात ती, आंबा किडवणारी फळमाशी वेगळी.) साखरेऐवजी वापरायच्या एका पुडीतली गोडी घातलेल्या खाद्यावरची चिलटं काही दिवसांतच मेली. वडील ड्रेक्सेल विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हाच प्रयोग प्रयोगशाळेत काटेकोरपणे केला. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: इतर खाद्यांवर चिलटं सरासरी ३८ ते ५१ दिवस जगली, त्या पुडीवर ५.८ दिवस. पुडीत स्टीव्हिया या वनस्पतीपासूनची गोडीही होती, पण मारणारा घटक एरिथ्रिटॉल निघाला. संशोधकांनी त्यावरून सुचवलं ते माणसाला धोका नसलेलं कीटकनाशक! फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच गाळलं आहे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, बाटल्यांत चिलटं वाढवून मुलांना आनुवंशिकता दाखवली. या जिवाबद्दल मला आदर आहे. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांशी जुळणारी जनुकं त्यांच्यात सापडतात. क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे अमेरिकी शास्त्रज्ञ मुलर यांनी १९२७ मध्ये चिलटांवरच दाखवलं. खाद्यरंग किंवा परिरक्षक (पदार्थ टिकवणारं रसायन) जनुकांना इजा करतो का, हे ताडायला ती फार उपयोगी. पण हे काम पहिल्या चाळणीचं. एका जिवाला जे मारतं ते दुसऱ्याला मारतंच असं नाही. झायलिटॉल ही अशीच साखरेऐवजीची गोडी माणसं च्युइंगगममधून खातात, कुत्र्याच्या मात्र ती जिवावर बेतते. एरिथ्रिटॉल आपल्या शरीरातून बहुतांशी जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं.

म्हणजे ते निर्धोक ठरलं, असंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं. रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणिका) त्यामुळे लवकर गुठळी धरतात, असंही आढळलं. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं, त्यामुळे दोष खाण्यातल्या एरिथ्रिटॉलचाच, असं त्यावरून ठरत नाही. पण चिलटांना प्लेटलेट्स नसतातच! ज्या शंकेचं उत्तर आज खरोखर हवं आहे, त्याबद्दल ती काहीच सांगू शकत नाहीत.

त्या दोघांना मी डॉक्टरांशी बोलायला सांगितलं आहे. आपल्याला विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना पदार्थ किती दिला आणि शेजारच्या साध्या साखरेच्या बाटलीतली चिलटं किती दिवस जगली, हे दोन आकडेही छापावेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा