गोलूच्या शाळेचं ठरवलंय, रागावू नका

आई, बाबा, नमस्कार.

आई, हे बाबांना तूच वाचून दाखवजो, पण मधलं काही गाळू नको. फोनवर सांगायला घेतलं की बाबा नुसतं "हॅलो हॅलो" करतात अन् माझा धीर जातो, म्हणून लिहूनच टाकते. गोलूला कॉन्व्हेंटमधून काढलं. जूनच्या शेवटी शाळा उघडली की तो इथल्याच झेडपीच्या शाळेत तिसरीत बसेल, नाव घालून झालं.

बाबा, फी तुम्ही सोयाबीन विकून भरली होती हे मला माहीत आहे, त्या वर्षी भाव काय पडला होता तेही. पण पैसे पाण्यात गेले असं मनात आणू नका. इंग्रजी कविता त्याला सगळ्या पाठ आहेत, पण ऐकून. पुस्तक समोर ठेवलं की घाम फुटतो पोट्ट्याला.

नागपूरला तपासणी केली. आधी डोळे, कान पाहिले, दोन्ही चांगले. मग बुद्धीची चाचणी, मग वाचनाची, लिहिण्याची. डिस्लेक्सिया निघाला. आई, नजरबिजर काही लागली नाही अन् पोरगा मठ्ठही नाही, बुद्धी तर उलट चांगलीच आली. अक्षर पाहून त्याचा आवाज पकडायचं काम त्याच्या मेंदूला जड जातं, एवढंच. याला गोळी नसते, पण शिकवायची पद्धत बदलली की येतं, हळू का होईना. आता इंग्रजीचं पाहा न, एकच 'सी', 'कॅट'मध्ये क अन् 'सिटी'मध्ये स. आपल्यात च-ज ची थोडी गंमत सोडली तर क म्हणजे कच. घरी बोलतो त्याच भाषेत आधी पाय रोवू दे, इंग्रजी कुठं पळून जाते.

अन् शाळा घरापासून हाकेवर आहे, व्हॅनमधले हेलपाटे वाचले, दुपारी गरम खिचडी मिळते, जेवणाची काळजी करू नका.

संध्याकाळी वावरातून आले की परातीत रवा पसरते. तो बोटानं 'म' काढतो अन् तोंडानं म्हणतो. भ अन् म, घ अन् ध एका दिवशी घ्यायचेच नाहीत, एक पक्कं झालं की मगच दुसरं. पहिल्या वेलांटीवर तर त्याचा भारी राग, "आई, ही आधी काढायची अन् म्हणायची मागून, असं कसं?" मला काही उत्तर देता आलं नाही. पण खरी मजा कानाच्या खेळात, 'कपाट'मधला क काढला तर काय उरलं? "पाट!" हे जेवता जेवताही चालतं. पुठ्ठ्याला लांबट खिडकी कापली, म्हणजे एकच ओळ दिसते. तो थकला की मी वाचते, तो बोट फिरवतो. पंधरा-वीस मिनिटं, बस्स, रडेपर्यंत ताणायचं नाही.

बाबा, एक सांगायचं राहिलं. नागपूरच्या तपासणीवाल्या मॅडमनी विचारलं, घरात आधी कोणाला वाचायला त्रास होता का, हे बरेचदा घराण्यात चालत येतं म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला तेच आहे असं कोणी म्हटलं नाही, तपासल्याशिवाय म्हणताही येत नाही. चौथीतून शाळा सुटली ती ढोरांमागं जायचं म्हणून, आम्ही तेच ऐकत आलो. पेपर आईनं वाचायचा, पण मार्केटातला काट्यावरचा हिशेब तुमचा कधी चुकला नाही, चुकली ती दलालाची वही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे बाबा पुस्तकाशिवायच गोष्टी सांगतात. तुमची ती वाघाची गोष्ट गोलूला अजून माझ्याकडून नको असते, म्हणतो आबाच पाहिजेत.

गोलूच्या दिव्यांग दाखल्याची धावपळ चालू आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात हेही येतं, दहावीला जादा वेळ मिळतो. शब्द ऐकून रडत बसू नको आई, तो फक्त कागदाचा शब्द आहे.

पुढच्या आठवड्यात त्याला तुमच्याकडे सोडते. पाहुण्यांसमोर "वाच बरं" म्हणायचं नाही. मामाच्या पोरीचं उदाहरण द्यायचं नाही. आई, दहा-दहा वेळा लिहून घेऊ नको, नुसता हात दुखतो. गोष्टी मात्र पाहिजे तेवढ्या सांगजा.

अन् बाबा, मोतीबिंदू पिकू दे, पिकू दे करत बसायचं नाही, आता तसं थांबावं लागत नाही. पेरणीच्या आधी ऑपरेशन उरकायचं, नंतर तुम्ही वावर सोडणार नाही अन् डोळ्यात माती जाईल. तारीख मी घेते, सोबतही मीच येते, नाही म्हणायचं नाही. आई, बाबांचा आधीचा चष्मा अन् शुगरचे कागद एका पिशवीत काढून ठेवजो.

तुमची,
छकुली