‘सोळावं वरीस’ पारंपरिक कधीपासून झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात एका स्नेहसंमेलनाचं छायाचित्र आहे. खाली ओळ छापली आहे : ‘सोळावं वरीस धोक्याचं या पारंपरिक लावणीवर नृत्य सादर करताना विद्यार्थिनी.’ मुलींचं कौतुकच आहे. पण ‘पारंपरिक’ हा शब्द खुपला, म्हणून हे पत्र.

चूक एकट्या आपल्या वार्ताहराची नाही. गणेशोत्सवात आमच्याकडच्या कार्यक्रमातही निवेदकाने हीच लावणी ‘महाराष्ट्राची पारंपरिक लोककला’ म्हणून जाहीर केली. मध्यंतरात त्याला गाठून म्हटलं, अरे, ही सिनेमातली आहे, १९६४ची. त्यावर तो हसून म्हणाला, “काका, एवढी जुनी म्हणजे पारंपरिकच की!” त्या हिशोबाने मी स्वतःही पारंपरिकच ठरतो, कारण माझा जन्म त्याच्याही आधीचा.

परंपरेतल्या लावण्या आपल्याकडे भरपूर आहेत. पण गंमत बघा, राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांची नावं आपण अजून घेतो. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या शाहिरांचं नाव टिकलं आणि साठेक वर्षांपूर्वीच्या गीतकाराचं गळून पडलं, हे मला तरी कळत नाही.

तर ही लावणी ‘सवाल माझा ऐका’ या चित्रपटातली. दिग्दर्शक अनंत माने, शब्द जगदीश खेबुडकरांचे, चाल वसंत पवारांची आणि आवाज सुलोचना चव्हाण यांचा. खेबुडकर तेव्हा शाळामास्तर. दोन वर्षं आधी, १९६२च्या ‘रंगल्या रात्री अशा’साठी याच त्रयीने ‘मला हो म्हणतात लवंगी मिरची’ करून धमाल उडवून दिली होती. आणि १९६५मध्ये याच मास्तरांनी ‘ऐरणीच्या देवा तुला’ लिहिलं. एका हाताने ठिणगी आणि दुसऱ्या हाताने शृंगार!

सुलोचनाबाईंबद्दल मात्र दोन ओळींत भागणार नाही. मूळच्या त्या सुलोचना कदम, मुंबईच्या. हिंदीत त्या पार्श्वगायिका म्हणून नावारूपाला आलेल्या होत्या. १९५१च्या ‘ढोलक’मधलं त्यांचं ‘चोरी चोरी आग सी दिल में’ जुने रसिक अजून काढून ऐकतात. लग्नानंतर त्या चव्हाण झाल्या. लावणीतला शब्द कसा फेकायचा, कुठे दाबायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे आपल्याला पती श्यामराव चव्हाणांनी शिकवलं, असं त्या सांगत. म्हणजे लावणीसाठी गाजलेला तो आवाज फडात नव्हे, घरात घडला. पुढे आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि ते बिरुद कायमचं चिकटलं.

त्यांना मी एकदाच प्रत्यक्ष ऐकलं, ऐन विशीत, शेवटून तिसऱ्या रांगेत बसून. पडदा वर गेला तेव्हा आमच्या टोळक्याचा चक्क विरस झाला. माइकसमोर डोक्यावरून पदर घेतलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या एक गृहिणी उभ्या. कोणाच्या तरी मावशी पूजेला आल्या असाव्यात, असंच वाटलं. मग ढोलकी कडाडली आणि मावशींनी तोंड उघडलं. शिट्ट्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं गेलं, पण पदर जागचा हलला नाही. भुवईसुद्धा नाही. सगळा नखरा गळ्यात होता. हे आज लिहायचं कारण असं, की हल्ली या लावण्या ऐकण्याऐवजी बघितल्याच जास्त जातात. नाचणाऱ्यांबद्दल तक्रार नाही, पडद्यावर जयश्री गडकरांनी तेच तर केलं होतं. पण ज्या बाईने एकही अदा न करता ती लावणी उभी केली, तिचं नाव निदान निवेदनात तरी यावं.

आणि शब्द? ‘वरीस’च्या जागी ‘वर्ष’ घालून म्हणून बघा. ‘सोळावं वर्ष धोक्याचं’ म्हटलं की आरोग्य खात्याची सूचना वाटते. ‘वरीस’मधला तो लांबलेला ‘री’ आहे, म्हणून तर गळ्याला झोका घ्यायला जागा मिळते. ही कारागिरी कोण्या अनाम लोकसमूहाची नव्हे. कोल्हापूरकडच्या एका शिक्षकाने कान लावून ऐकलेली बोली आहे ती.

यात नुसता भावनेचाही प्रश्न नाही. आपल्या कायद्यानुसार गीताच्या शब्दांवरचा हक्क गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. खेबुडकर २०११ साली गेले. म्हणजे २०७१ संपेपर्यंत ही लावणी कोणीही उचलावी अशी होत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘पारंपरिक’ लिहिलं, की परवानगी आणि मानधन हे दोन्ही विषय आपसूक मिटतात. सगळे मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही, पण सोय मोठी आहे.

सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, वय नव्वदीकडे झुकलेलं असताना. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या. तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी त्यांच्या गाजलेल्या लावण्यांच्या याद्या छापल्या होत्या, आणि त्यात ‘सोळावं वरीस’ होतंच. तो अंक आपल्या कार्यालयातही जपलेला असेल.

छायाचित्राखालच्या ओळीत जागा कमी असते, हे मान्य. तिघांची नावं मावत नसतील तर निदान ‘पारंपरिक’ हा शब्द काढा. त्या जागेत ‘खेबुडकर’ आरामात बसतं, मी मोजून पाहिलंय.

कळावे,
आपला,
एक जुना वाचक