अंगठ्याखाली शब्द झाकणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

वाचनालयात समोर येऊन आभार मानावेत तर तुम्ही पेपर तोंडापुढे धरता आणि ‘अभ्यास झाला का?’ एवढंच विचारता. म्हणून इथे, चारचौघांत लिहितेय.

बाबांनी उसाचं बिल आलं तसं माझ्या क्लासची फी भरली. एमपीएससीच्या गट-ब मुख्य परीक्षेत मराठीसोबत इंग्रजी असतं, तिथेच माझं घोडं अडलेलं. क्लासच्या सरांकडे प्रत्येक गोष्टीची ट्रिक होती. शेवटी ‘ली’ दिसला की अ‍ॅडव्हर्ब, डोळे मिटून ठोका. मग ‘फ्रेंडली’ अ‍ॅडजेक्टिव्ह कसं? अपवाद, पाठ कर. ‘फास्ट’ला ‘ली’ नाही, तरी ‘रन फास्ट’मध्ये अ‍ॅडव्हर्ब? तोही अपवाद. पुढे विचारलं तर, ‘मराठी मीडियमवाल्यांनी फार खोलात शिरू नये.’ वर्ग हसला. फी घेताना मीडियम कुणी विचारलं नव्हतं.

आणि तुम्ही? आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेलं. माझी वही ओढून घेतली नाहीत की व्याख्या विचारली नाहीत. ‘अ राउंड टेबल’मधल्या ‘राउंड’वर फक्त अंगठा ठेवलात, तो कडेला नख चिरलेला, आणि म्हणालात, ‘आता इथे काय बसेल?’ मी म्हटलं, बिग. ओल्ड. ‘म्हणजे ही जागा कुणाची?’ अ‍ॅडजेक्टिव्हची! मग ‘द सेकंड राउंड’. तिथे ‘मॅच’ बसलं, म्हणजे नाउन. ‘दे राउंडेड द कॉर्नर’मध्ये तर ‘एड’ लावून क्रियापद झालेलं. ‘वी सॅट राउंड द टेबल’पाशी मात्र मी अडकले. तुम्ही अंगठा उचलला नाहीत. सांगूनही टाकलं नाहीत. मला ‘निअर’ सुचेपर्यंत तसेच बसून राहिलात. तेवढ्यात तुमचा पेपर दुसऱ्या काकांनी उचलला आणि शब्दकोडं सोडवूनही टाकलं. तुम्ही तिकडे एकदा बघितलंत, बोलला काहीच नाहीत.

मग म्हणालात, ‘टेबलाभोवती’तलं ‘भोवती’ नामाला मागून चिकटतं, इंग्रजीत तेच काम करणारा शब्द, म्हणजे प्रिपोझिशन, नामाच्या आधी सुटा उभा राहतो. नाम ते केवलप्रयोगी, आठ जाती तुला शाळेपासून येतात, घाबरतेस कशाला? शब्दाची जात कपाळावर लिहिलेली नसते, वाक्यात कुठे बसलाय ते बघ.

क्लासमध्ये इतके महिने घालवून ही एवढीशी गोष्ट कुणी सांगितली नाही, याचा अजून राग येतो. त्याहून जास्त रडू येतं ते त्या थांबण्याचं. समोरच्याला येईल, असं धरून थांबणारी माणसं किती असतात हो? घाई नाही, उपकार केल्याचा आव नाही. अशांच्या जिवावर गावोगावची वाचनालयं आणि अभ्यासिका चालतात, आणि कौतुक होतं ते निकालाच्या फ्लेक्सवर फोटो छापणाऱ्यांचं.

माझा निकाल लागेल तेव्हा लागेल. सध्या ग्रंथपाल मॅडमना सांगून ठेवलंय, शब्दकोड्याचं पान सकाळी आधी तुमच्याकडे येईल. दुसऱ्या काकांनी कितीही कुरकुर केली तरी.

तुमची,
शेवटच्या टेबलावरची