न दिलेल्या शिफारशीबद्दल

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत असले तरी त्यात तुमचे नाव घालत नाही. "नाव लिहिलेस तर पुढच्या आठवड्यात माझ्याकडे दोनशे बायोडेटा येऊन पडतील," असे तुम्ही फोनवर हसत म्हणाला होतात, आणि ते हसणे अर्धेच होते हे मला ठाऊक आहे. ज्यांनी तुम्हाला ओळखायचे ते ओळखतीलच.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझा नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या युरोपीय परवान्यावर, जर्मनीत स्टुटगार्टला रुजू झाला आणि हिंजवडीत वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा वर्षे काढलेली मी, त्यांतली शेवटची पाच प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून, तिकडे काय करायचे याचा विचार करू लागले. खरे सांगायचे तर फारसा विचार केलाच नव्हता. ज्या गाड्यांच्या डिजिटल डॅशबोर्डचे सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बसून पुरे करून देत होतो, त्या गाड्या तिथे तयार होतात, तेव्हा तिथे माझ्यासाठी काम असणारच, असा माझा सरळ हिशोब होता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नवऱ्याची तुमच्याशी ओळख झाली, त्याने तुमचा नंबर पाठवला, आणि तुमच्याच कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजरची एक जागा निघाली असल्याचे मला दिसले. मी पहिल्याच फोनवर, कुशल विचारून होताच, तुमच्याकडे शिफारस मागितली.

तुम्ही नाही म्हणालात. तेही आढेवेढे न घेता. "मी तुझे नाव दिले तर पहिली फेरी नक्की मिळेल. दुसऱ्या फेरीत समोर पुरवठादारांशी करार करणारा विभाग असेल, सगळे बोलणे जर्मनमध्ये होईल, आणि तू पडशील. मग त्या कंपनीत दोन वर्षे तुझ्या अर्जाकडे कोणी पाहणार नाही."

ताई, त्या रात्री मी नवऱ्याला काय म्हणाले ते आज कबूल करते. मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो, असे म्हणाले, आणि खेकड्यांच्या त्या जुन्या टोपलीत तुम्हाला बसवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा निरोप आला: "रविवारी साडेनऊ, तुझ्याकडचा एक वाजता. बायोडेटा घेऊन बस."

त्या पहिल्या रविवारी माझा बायोडेटा पाच पानांचा होता. शेवटी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र, खाली स्थळ आणि दिनांक. तुम्ही म्हणालात, "हे काढ, तू कोर्टात चाललेली नाहीस." मग दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर थांबलात. तिथे मी '४२ जणांच्या चमूचे व्यवस्थापन' असे लिहिले होते. तुम्ही विचारलेत, "या ४२ पैकी रजेचा अर्ज तुझ्याकडे किती जण करायचे?" मी म्हणाले, नऊ. "आणि काम कोण वाटून द्यायचे?" तीन टीम लीड. "ग्राहकाला उशीर झाल्याचे कोण सांगायचे?" मी. "मग हे लिही. ४२ हा तुमच्या कंपनीच्या बिलाचा आकडा आहे, तुझा नाही." त्या दुपारी दीड तासात पाच ओळी झाल्या. बोलताना मी प्रत्येक वाक्य 'आम्ही'ने सुरू करत होते, कारण आपल्याकडे 'मी केले' असे म्हणणे उर्मटपणाचे वाटते, आणि तुम्ही दर वेळी तेवढेच विचारत होतात: आम्ही म्हणजे कोण?

माझा हिशोब कुठे चुकला होता तेही तुम्ही त्याच दिवशी सांगितलेत. "तू पुण्यात जे करत होतीस ते काम इथे नाही. ते पुण्यात व्हावे म्हणूनच इथून बाहेर पाठवले आहे. इथे आहे ते त्याच कामाचे दुसरे टोक." या एका वाक्याने माझा नोकरीचा शोध मुळापासून बदलला. पुण्यात प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे माणसांची जुळवाजुळव, बिलिंग, साप्ताहिक अहवाल आणि ग्राहकाची समजूत. तिथला प्रोयेक्टलाइटर, म्हणजे जर्मन प्रोजेक्ट मॅनेजर, अंदाजपत्रकाला जबाबदार असतो, पुरवठादार निवडण्यात त्याचा हात असतो आणि ग्राहक तोच असतो. शब्द एकच असल्यामुळे मी सहा आठवडे चुकीच्याच जाहिरातींवर अर्ज करत बसले असते. स्क्रम या, छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर घडवण्याच्या, पद्धतीने काम करणाऱ्या कंपन्यांत तर ही अडचण आणखी वाढते, कारण २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर या तीनच जबाबदाऱ्या आहेत, प्रोजेक्ट मॅनेजर नावाचा माणूस त्यात नाहीच. तुम्ही मला 'टाइलप्रोयेक्टलाइटर', म्हणजे उपप्रकल्पाचा प्रमुख, हा शब्द शोधायला लावलात. पद एक पायरी खालचे होते आणि मला ते लागलेही, पण माझ्या अनुभवाशी जुळणारे काम त्याच नावाखाली सापडले.

२७ ऑक्टोबरचा रविवार तुम्हाला आठवतो का? त्या पहाटे युरोपात घड्याळे एक तास मागे गेली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सासूबाईंनी केलेली आमटी गार होऊ देऊन मी एक वाजल्यापासून पडद्यासमोर बसले होते; तुम्ही दोनला, म्हणजे तुमच्या साडेनऊला अगदी वेळेवर, आलात. माझ्या चेहऱ्यावरचा राग पाहून तुम्ही म्हणालात, "दोन देशांतल्या बैठका लावणे हेच तुझे काम आहे ना? हे पहिले लिहून ठेव." आजही माझ्या दिनदर्शिकेत मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार लाल रंगात असतात.

पुणे सोडण्यापूर्वी करायच्या म्हणून तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या इथे लिहिते, कारण माझ्यासारख्या अनेकींना त्यांचा उपयोग होईल. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेचा दाखला लागत नाही, हे वाचून मी निवांत झाले होते. तुम्ही मात्र म्हणालात की व्हिसाला लागत नाही, नोकरीला लागते. तिथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला इंग्रजीवर निभावता येते, पण प्रकल्प चालवणाऱ्याचे कामच बोलण्याचे असते. म्हणून मी बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात नाव घातले आणि निघेपर्यंत ए१ ही भाषेची पहिली पायरी पुरी केली, ए२ ही दुसरी अर्धी.

दुसरी गोष्ट अनुभवाच्या दाखल्याची. आपल्याकडचे रिलीव्हिंग लेटर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पदनाम एवढे सांगून संपते. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला कामाचे सविस्तर प्रमाणपत्र, म्हणजे त्सॉइग्निस, मागण्याचा कायद्याने हक्क आहे, आणि तिथला मालक ते बारकाईने वाचतो. त्या प्रमाणपत्रांची एक साखरेत घोळलेली भाषा असते: 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानानुसार' म्हणजे उत्तम, आणि नुसते 'आमच्या समाधानानुसार' म्हणजे जेमतेम पास. (आपल्याकडच्या लग्नाच्या स्थळांतला 'स्वभावाने साधी' हा शेरा मला तेव्हा आठवला.) माझ्या जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ठरावीक नमुन्याबाहेर एक ओळही लिहायला नकार दिला. तेव्हा तुम्ही सुचवल्याप्रमाणे मी माझ्या वरिष्ठांकडून स्वतंत्र पत्र घेतले: प्रकल्प कोणते, मुदत किती, माझा वाटा काय. नव्वद दिवसांच्या नोटिशीतले शेवटचे तीन आठवडे त्या एका पानामागे गेले.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान होती आणि सर्वांत जास्त उपयोगी पडली. मी त्या वर्षी १ जूनपासून सुरू झालेल्या 'चान्सेनकार्टे'ची, म्हणजे नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठीच्या जर्मन परवान्याची, चौकशी करत होते. सहा गुण जमवून वर्षभरासाठी नोकरी शोधायला जाता येते, दरम्यान आठवड्याला वीस तास काम करता येते, ही योजना ऐकायला आकर्षक वाटत होती. तुम्ही विचारलेत, "तुला त्याची गरजच काय?" जोडीदाराच्या व्हिसावरच कोणतीही नोकरी करण्याची पूर्ण परवानगी असते, हे मला माहीत नव्हते. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मी पोहोचले तेव्हा तसा जर्मन शेरा पासपोर्टमधल्या व्हिसावर छापलेलाच होता. तो शेरा बायोडेटाच्या अगदी वर, नावाखाली लिहायचा तुमचा आग्रह होता, कारण भारतीय नाव आणि भारतातला अनुभव दिसला की 'हिच्या परवान्याचे लचांड आपल्याला निस्तरावे लागेल' असे समजून अर्ज बाजूला पडतो. ती ओळ घालण्यापूर्वीच्या सतरा अर्जांना मला एकही फोन आला नव्हता. त्यानंतरच्या सेहेचाळीस अर्जांना नऊ आले.

मधल्या महिन्यांविषयी फार लिहीत नाही. वाहन उद्योगात नोकरकपातीच्या बातम्या रोज येत होत्या, सकाळी बी१ चा वर्ग, दुपारी अर्ज, संध्याकाळी नकाराची नम्र पत्रे. मी पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र करू का, असे विचारले तेव्हा तुम्ही ते वाईट नाही म्हणालात, मात्र जर्मनीत आयपीएमए या दुसऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रांची डी ते ए ही श्रेणीही तितकीच ओळखली जाते, आणि १८० प्रश्नांच्या परीक्षेमागे लपून भाषेचा अभ्यास पुढे ढकलू नकोस, असे बजावलेत. तो टोला वर्मी बसला. मी खरोखरच लपायला जागा शोधत होते.

मुलाखतीच्या तयारीतला एक रविवार मात्र सांगायलाच हवा. तुम्ही फसलेल्या प्रकल्पाची गोष्ट मागितलीत आणि मी एक बेतलेली गोष्ट सांगितली, ज्यात चूक शेवटी दुसऱ्याचीच निघते. तुम्ही गप्प राहिलात. मग मी खरी सांगितली. एका डॅशबोर्डच्या प्रकल्पात डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारे सॉफ्टवेअर, देणारा पुरवठादार मागे पडला होता हे मला दिसत होते, तरी मी अहवालात तीन आठवडे सावधतेचा पिवळा रंग ठेवला, धोक्याचा लाल केला नाही, कारण पुढच्या शुक्रवारी काम येईल अशी आशा होती. बाहेरून हिरवे आणि आतून लाल अशा प्रकल्पाला आमच्या धंद्यात कलिंगड म्हणतात. माझे अर्धवट पिकलेले होते. प्रकल्पाला सहा आठवडे उशीर झाला. तुम्ही म्हणालात, "हीच सांग. आणि त्यानंतर काय बदललेस तेही सांग." बदललेले इतकेच होते की त्यापुढे मी पुरवठादाराकडून 'होईल' असे आले की काय झाले आहे ते चालवून दाखवायला लावत होते. तुम्ही ताडकन सरळ बसलात. "अगं, पुण्याहून 'हो, होईल' आले की त्याचा अर्थ काय, हे इथे कोणाला कळत नाही. जर्मन माणूस ते वहीत तारीख म्हणून लिहून घेतो. तुला तो अर्थ कळतो. हे तुझ्या बायोडेटात कुठेच कसे नाही?"

सप्टेंबरमध्ये ज्या मध्यम आकाराच्या कंपनीत मी शेवटची मुलाखत दिली, ती शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी नियंत्रक बनवते आणि तिचे सॉफ्टवेअर पुण्यात लिहिले जाते. तिथे मी कलिंगडाची गोष्ट माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितली. एक शब्द अडला तेव्हा हाताने कापून दाखवले. समोरचे तिघे हसले, आणि मग त्यांतल्या वयाने मोठ्या गृहस्थांनी वही मिटून विचारले की त्यांच्याकडे पुण्याहून गेले चार महिने सगळे हिरवेच येत आहे, तर पहिल्या आठवड्यात मी काय पाहीन? पुढचा पाऊण तास आम्ही त्यांच्याच प्रकल्पावर बोललो. १ ऑक्टोबरला मी रुजू झाले. सहा महिन्यांचा परीक्षाकाळ चालू आहे, बी२ चा वर्गही.

मला तुमच्याकडून एक फोन हवा होता, जो तुम्हाला दोन मिनिटांत करता आला असता. त्याऐवजी तुम्ही वर्षभरात एकवीस रविवारच्या सकाळी दिल्यात. शिफारस दिली असती तर मी त्याच आठवड्यात मिठाई पाठवून मोकळी झाले असते, आणि पडले असते तर मनातल्या मनात दोषही तुम्हालाच दिला असता. नकार दिल्यामुळे तुम्ही वाईट ठरलात, आणि ते ठरणे तुम्ही खुलासा न करता महिनाभर सोसलेत. खेकड्यांच्या गोष्टीविषयी मी तुमची क्षमा मागते. नवऱ्याने ती तुम्हाला आधीच सांगितली असल्याचा मला दाट संशय आहे, कारण मागच्या महिन्यात जेवायला आलात तेव्हा तुम्ही खेकड्याच्या रश्श्याची फर्माईश जरा जास्तच गंभीरपणे केली होतीत.

येत्या रविवारी साडेनऊला नेहमीप्रमाणे फोन करीन. या वेळी सोबत कोणताही अर्ज नसेल.

आपली कृतज्ञ,
स्टुटगार्टची धाकटी बहीण