आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : व्हेंटिलेटर नको म्हणणारा ख्रिस्ती रुग्ण आत्महत्या करत नसतो

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

जीव टिकवून ठेवणारे उपचार नाकारण्याचा हक्क कायद्यात आणायचा विषय निघाला, की कुणीतरी हटकून म्हणते, "ख्रिस्ती धर्माला हे मान्य होणार नाही." एवढ्यावर चर्चा आटोपते. मी ख्रिस्ती आहे आणि माझी सगळी नोकरी आयसीयूत परिचारिका म्हणून झाली. आमच्या धर्माच्या नावाने मांडलेली ही भूमिका अर्धवट आहे, आणि तिचा त्रास खाटेवरच्या माणसाला होतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी जिथे तडजोड नाही ते सांगते. जीवन देवाने दिलेले आहे, ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे आम्ही मानतो. रुग्णाला प्राणघातक इंजेक्शन देणे मला मान्य नाही आणि कधी होईल असे वाटतही नाही. पण म्हणून वैद्यकशास्त्राला जे जे शक्य आहे ते सगळे करून घेतलेच पाहिजे, असे कुठे ठरते? प्रेषित पौलाने कैदेतून फिलिप्पैकरांना पत्र लिहिले. इथून सुटून ख्रिस्ताजवळ जाणे फार बरे, पण तुमच्यासाठी राहणे अधिक गरजेचे, अशा पेचात तो होता. मरणाला न भिणारा आणि तरीही जगण्याला कंटाळलेला नसलेला माणूस त्या ओळींत दिसतो. शेवटच्या आजारात असलेल्या कितीतरी श्रद्धाळू माणसांच्या तोंडून मी अगदी असेच बोलणे ऐकले आहे.

हा विचार यंत्रांच्या काळात सुचलेला नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) संत बासिल यांनी आजारी आणि गरिबांसाठी मोठे सेवाकेंद्र उभारले. औषधोपचार ही देवाचीच देणगी आहे, असे त्यांनी लिहिले. मात्र ज्या उपचारापायी सारे आयुष्य शरीराच्या काळजीतच खर्ची पडते तो ख्रिस्ती माणसाने टाळावा, असेही त्यांनीच बजावले. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूने आणखी स्पष्ट सांगितले : घास घेणेच यातना होऊन बसले असेल तर न खाणाऱ्या रुग्णाला पाप लागत नाही, आणि वैद्याने सांगितलेले महागडे अन्न विकत घेण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. पुढच्या शतकात कार्डिनल हुआन दे लुगो यांनी जाळून मारण्याची शिक्षा झालेल्या माणसाचे उदाहरण घेतले. त्याच्या हाताशी थोडे पाणी आहे, पण विझवलेली आग पुन्हा पेटवली जाणार हे नक्की आहे. मरण काही क्षण लांबवण्यासाठी ते पाणी ओतायला तो बांधील आहे का? नाही, असे त्यांचे उत्तर आहे. सगळे अवयव निकामी झालेल्या रुग्णाला तिसऱ्यांदा सीपीआर देताना, म्हणजे छाती दाबून थांबलेले हृदय चालू करू पाहताना, हे उदाहरण माझ्या मनात येई.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना हीच परंपरा आधुनिक रुग्णालयात आणली. प्राण राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे. ज्यांचा जड भार रुग्णावर किंवा इतरांवर पडतो ते उपाय करण्याची सक्ती नाही. उपाय सामान्य की असामान्य, हे यंत्राच्या नावावरून ठरत नाही. माणूस, स्थळ आणि काळ पाहून ते ठरते. न्युमोनियातून उठणाऱ्या तरुणाला चार दिवस लावलेला व्हेंटिलेटर आणि शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या शेवटी लावलेला व्हेंटिलेटर, यंत्र एकच असले तरी दोन्ही निर्णय नैतिकदृष्ट्या एक नाहीत. १९८० साली व्हॅटिकनने दयामरणाविरुद्ध काढलेल्या घोषणापत्रातही, मरण अटळ आणि जवळ आले असताना केवळ कष्टदायक आयुष्य लांबवणारे उपचार नाकारता येतात, असे म्हटले आहे. दयामरणाला विरोध आणि उपचार नाकारण्याला मुभा, दोन्ही एकाच कागदावर आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये पोपचा शब्द चालत नाही, तरी तिथलेही बहुतेक विचारवंत याच ठिकाणी येऊन पोचतात. ऑर्थोडॉक्स मंडळीत तर प्राण सुखाने सुटावा म्हणून करायची वेगळी प्रार्थना आहे.

अमेरिकेतल्या कॅरन अॅन क्विनलन या तरुणीची गोष्ट आपल्याला माहीत असेल. १९७५ मध्ये, एकविसाव्या वर्षी ती बेशुद्ध झाली आणि शुद्धीवर आलीच नाही. तिचे आईवडील कॅथलिक होते. आपल्या धर्मगुरूशी बोलून त्यांनी व्हेंटिलेटर काढण्याची विनंती केली. डॉक्टरांनी नकार दिला. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. व्हेंटिलेटर काढल्यावर ती आपली आपण श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. त्या सगळ्या वर्षांत आईवडिलांनी तिची अन्नाची नळी चालू ठेवली. मुलीचा मृत्यू हा त्यांचा हेतू असता तर ते नळीही काढा म्हणाले असते. त्यांना तिच्यावरचा एक भार उतरवायचा होता. पुढचे देवावर सोडले होते. मारणे आणि मरू देणे यांत फरक नाही म्हणणाऱ्यांनी त्या आईवडिलांकडे नीट पाहावे.

नळीच्या प्रश्नावर मात्र आमच्यातच मतभेद आहेत, आणि ते आपल्यापासून लपवणे बरोबर होणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये सांगितले, की कायमच्या बेशुद्ध रुग्णाला नळीवाटे दिलेले अन्नपाणी हा उपचार मानू नये. ती साधी शुश्रूषा आहे आणि तत्त्वतः ती द्यायलाच हवी. शरीर अन्न स्वीकारत नसेल किंवा नळीमुळेच मोठा त्रास होत असेल, तर हे बंधन उरत नाही, हे २००७ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले. अनेक प्रोटेस्टंट आणि काही कॅथलिक अभ्यासकांना मूळ भूमिकाच पटत नाही. माझे मत विचाराल तर स्थिर असलेल्या बेशुद्ध रुग्णाचे अन्न बंद करायला माझा हात धजणार नाही. पण अखेरच्या दिवसांत फुप्फुसात पाणी साचत असताना सलाइन चालू ठेवणे ही क्रूरता आहे. असा वाद कायद्याने एका बाजूने मिटवू नये. रुग्णाने शुद्धीत असताना काय लिहून ठेवले आहे, ते पाहावे.

यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक रक्त चढवून घेत नाहीत, त्याचे कारण वेगळे आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायातील आज्ञेचा ते तसा अर्थ लावतात. इतर ख्रिस्ती मंडळ्या लावत नाहीत. मलाही तो अर्थ पटत नाही. तरी सज्ञान, शुद्धीतल्या माणसावर जबरदस्तीने रक्त चढवणे मला मंजूर नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र न्यायालयाने मध्ये पडलेच पाहिजे.

आता मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते ते सांगते. भार इतरांवरचाही धरावा, हे पोप पायस यांचे म्हणणे खरे आहे आणि धोक्याचेही आहे. "माझ्यावर आता पैसे घालवू नका," म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही खरोखर निघायला तयार होत्या. काहींना फक्त घरच्यांची ओढाताण बघवत नव्हती. खर्चाची सोय झाली असती तर त्या उपचारांना हो म्हणाल्या असत्या. दोघींच्या कागदावर सही सारखीच दिसते. गरिबीने काढून घेतलेल्या नकाराला विवेकाचा निर्णय म्हणता येणार नाही, आणि हा फरक करणे कोणत्याही धर्मगुरूच्या हातात नाही, ते आपल्या खात्याच्या हातात आहे.

म्हणून नकाराच्या हक्काबरोबर वेदनाशमनाची सोय आलीच पाहिजे. सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे शेवटच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू केले, ते मरणाऱ्या माणसाचे दुखणे थांबवता येते या खात्रीने. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी झाले तरी ते वैध आहे, हेही पायस यांनी १९५७ मध्येच सांगितले होते. तरी आजही मॉर्फिन द्यायला हात आखडतो, आणि कण्हणाऱ्या माणसाला देवाच्या इच्छेचे दाखले ऐकवले जातात.

उपचार नाकारल्याने आलेल्या मृत्यूची नोंद आत्महत्या म्हणून होऊ नये. रुग्णाचा लेखी शब्द पाळणाऱ्या डॉक्टरवर खटला येऊ नये, आणि मन बदलले तर तो शब्द तोंडी मागे घेण्याची मुभा रुग्णाला असावी. धर्मगुरूंना किंवा पाळकांना सल्ल्यासाठी जरूर बोलवावे, पण अडवण्याचा अधिकार त्यांना देऊ नये. सही घेण्यापूर्वी पैशांच्या अडचणीबद्दल रुग्णाशी, नातेवाईक बाहेर असताना, कुणीतरी बोलले पाहिजे. आणि ही सारी व्यवस्था रात्रपाळीलाही चालली पाहिजे, कारण असे निर्णय बहुधा रात्रीच समोर येतात आणि तेव्हा वॉर्डात एक निवासी डॉक्टर आणि एक सिस्टर, एवढीच माणसे असतात.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका